चेहरा विभागातील रिक्त पद

रेवाराम तुरकरांनी आपल्या होणाऱ्या इवायाला, म्हणजे व्याह्याला, गोंदियाच्या भर बाजारात नळ दुरुस्त करणारा समजून झापलं, आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं. त्याआधीच्या त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही. एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत स्वतःचं घर, घरावर पाण्याची टाकी आणि टाकी गळकी. कार्यालय कोणतं ते मी सांगत नाही. तिथे कामाला असलेले लोकसुद्धा ते कामावरून कळू देत नाहीत, मग मी कशाला चहाडी करू.

झालं असं. नवेगाव बांधचे नंदलाल पटले, माजी सरपंच, धानाची जमीन भरपूर आणि रुबाब जमिनीहून जास्त, आपल्या मुलासाठी रेवारामांची मुलगी दुर्गेश्वरी पाहून गेले होते. मुलाचं नाव टिकेश, बँकेत नोकरीला. दुर्गेश्वरी नर्स. तिने आजवर आलेल्या प्रत्येक स्थळात खोट काढली होती. एकाचं हसणं आवडलं नाही, एकाचं न हसणं आवडलं नाही. टिकेशला मात्र ती 'ठीक आहे' म्हणाली आणि नंतर संध्याकाळभर स्वयंपाकघरात गुणगुणत होती. तिच्या आईने, भूमेश्वरीबाईंनी, ते गुणगुणणं ऐकलं आणि त्या मनातल्या मनात मांडव घालून मोकळ्या झाल्या. आता फक्त सुपारी फुटायची राहिली होती.

पुढच्याच आठवड्यात रेवाराम गोरेलाल चौकातून भाजीची पिशवी सांभाळत चालले होते. समोरून पांढरी झुपकेदार मिशी आणि तपकिरी जाकीट अशा थाटातला एक माणूस हात जोडून हसत आला आणि "राम राम" म्हणाला.

"राम राम गेलं खड्ड्यात," रेवाराम म्हणाले. "काऊन रे, कधीचा बोलावून राहिलो तुले? टाकी गळून गळून भिंतीले शेवाळ आलं. घरापर्यंत आला असतास तर पाय झिजले असते काय?"

त्या माणसाचे जोडलेले हात तसेच राहिले. हसू मात्र गेलं.

"पाहून काय राहिला? उद्या सकाळी पाना घेऊन ये. आनि मागच्या खेपेसारखा च्या पिऊन पळाला ना, तर याद राख."

भोवती चार माणसं थांबली होती. जाकीटवाला वळला आणि गर्दीत गेला. रेवाराम घरी आले ते छाती पुढे काढूनच. अंगणात चप्पल काढता काढता त्यांनी आवाज दिला, "अजी ऐकून राहिले का, आज त्या मंगरूले असा धारेवर धरला का पुन्हा नाव काढनार नाही."

"कोन्या मंगरूले?" भूमेश्वरीबाईंनी विचारलं. "मंगरू तर सकाळपासून आपल्याच घरी आहे."

रेवारामांनी वर पाहिलं. गच्चीवर, टाकीच्या बाजूला, पांढऱ्या मिशीचा आणि तपकिरी जाकिटाचा मंगरू प्लंबर बसला होता आणि त्यांच्याकडे पाहून ओशाळवाणं हसत होता.

"मंग तो कोन होता?" रेवाराम म्हणाले. हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पडत आला होता, पण इतक्या उशिरा कधी पडला नव्हता.

उत्तर संध्याकाळी फोनवर आलं. नंदलालांच्या बायकोचा, रामकलीबाईंचा फोन. बाई समजूतदार, आणि त्यांनाही दुर्गेश्वरी मनापासून आवडलेली. "इहीनबाई, आमचे हे जेवून नाही राहिले," त्या भूमेश्वरीबाईंना म्हणाल्या. "म्हंतात, ज्या घरी मले च्या पाजला, त्याच घरच्या मानसानं भर चौकात मले च्या पिऊन पळनारा म्हनलं. नातंच नको म्हनून बसले होते. कसंबसं समजावलं. आता त्याइची एक अट आहे."

अट ऐकून भूमेश्वरीबाई खाली बसल्या. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, हे तुम्हाला सांगायला नको. दंडार, म्हणजे ढोलकीवरचं नाचगाण्याचं नाटक, होते, पाळणे लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, आणि एकाने दुसऱ्याच्या पोराकडे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या पोरीकडे पाहून अर्धी लग्नं तिथेच जुळतात. तर नवेगाव बांधच्या मंडईला रेवारामांनी यायचं. नंदलाल दंडारीपाशी लोकांत बसलेले राहतील. रेवारामांनी आपल्या मनाने त्यांना ओळखायचं, जवळ जायचं आणि चार लोकांदेखत राम राम घालायचा. कुणी बोट दाखवायचं नाही, कुणी खुणावायचं नाही. ओळखलं तर सुपारी फुटली समजा. नाही ओळखलं तर टिकेशला मुली कमी नाहीत.

"एवढंच?" असं दुसरा कुणी म्हणाला असता. रेवाराम म्हणाले नाहीत. एखाद्या लंगड्याला नुसतं तळं पोहून यायला सांगावं, तशी ती अट होती.

कारण रेवारामांना चेहरे कळत नसत. दिसत असत, बरं का. नाक दिसे, डोळे दिसत, ओठ दिसत. दिसण्यात काही कसर नव्हती. पण ते सगळं मिळून एक माणूस होतो आणि तो माणूस आपण काल पाहिला होता, हे काही केल्या जुळत नसे. इतकी वर्षं त्यांनी चालीवरून, आवाजावरून, गमछ्यावरून आणि स्कूटरच्या भोंग्यावरून संसार चालवला होता. साहेब चष्म्याने ओळखायचे. साहेबांनी चष्मा बदलला त्या दिवशी रेवारामांनी त्यांना 'अर्ज खिडकीवर द्या' म्हणून बाहेर काढलं होतं. एकदा बाजारात, हिरव्या लुगड्याच्या भरवशावर, एका परक्या बाईच्या हातात वांग्याची पिशवी देऊन ते म्हणाले होते, "हे धर, मी दाढी करून येतो." त्या बाईने ती वांगी नेली, हा भाग वेगळा.

मुर्रीत ह्या सगळ्याचा सरळ अर्थ लावला गेला होता. माणूस माजला. सरकारी खुर्चीवर बसला की असंच होतं. "साहेब ओळख देत नाहीत" हे वाक्य त्यांच्या मागे इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की, ते आडनावासारखं झालं होतं. आणि रेवारामांना वाटायचं की सगळेच लोक असे अंदाजपंचे ओळखतात, फक्त बाकीचे जरा हुशार आहेत.

दुर्गेश्वरीला मात्र इस्पितळात काम करून काही गोष्टी कळत होत्या. तिने रडायचं ते एका संध्याकाळी उरकलं आणि दुसऱ्या दिवशी बापाला नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी फोटो दाखवले. केस, कान, कपडे सगळं कापून नुसते चेहरे. रेवारामांनी त्यातला एकही ओळखला नाही. त्यांतल्या दोन माणसांना साऱ्या देशाने मतं दिली होती. मग उलटे फोटो दाखवले. डॉक्टर म्हणाले, चेहरा उलटा केला की चांगले चांगले अडखळतात. रेवाराम सुलट्याला जेवढे अडखळले तेवढेच उलट्याला अडखळले, आणि ह्यात त्यांना आपलं सातत्य दिसलं. शेवटचा एक फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि ते म्हणाले, "हा मात्र बदमाश दिसते."

तो त्यांचाच होता.

डॉक्टर भले होते, हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की मेंदू चेहरा सुटासुटा पाहत नाही, एका दमात सगळा मिळून पाहतो. त्यासाठी डोक्यात, खालच्या अंगाला, कानाच्या मागे एक लहानसा भाग नेमलेला असतो. चेहरा समोर आला की क्षणात तो जागा होतो आणि ओळख काढून देतो. काही लोकांत हा भाग जन्मापासूनच कामाला लागत नाही. नजर चांगली, अक्कल चांगली, चेहरा तेवढा लागत नाही.

रेवाराम लक्ष देऊन ऐकत होते. "म्हंजे पद मंजूर आहे," ते म्हणाले, "पन रिक्त आहे."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "असं म्हणायला हरकत नाही."

"भरती?"

"होणार नाही."

"मंग आतापर्यंत काम कोन पाहून राहिलं?"

"आवाज, चाल, कपडे. हे बाकीचे भाग सांभाळून घेतात."

"अतिरिक्त कार्यभार," रेवाराम म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले. आपल्या डोक्यातलं काहीतरी शासनाच्या नियमाप्रमाणे चाललं आहे, हे कळून त्यांना फार बरं वाटलं.

बसमध्ये दुर्गेश्वरी म्हणाली, "बाबा, आपन त्याइले खरं सांगून टाकू. यात लाज कायची?" हा अगदी सरळ उपाय होता, म्हणून घरी आल्यावर भूमेश्वरीबाईंनी तो उडवून लावला. "डोक्यात बिघाड आहे म्हनून सांगतेस?" त्या म्हणाल्या. "उद्या म्हंतीन पोरीच्याही डोक्यात असन, नातवाच्याही असन. एक शब्द बाहेर जाऊ नाही द्यायचा." आणि त्यांनी तो एकच शब्द शेजारच्या सुशिलाबाईंना, फक्त त्यांनाच, विश्वासात घेऊन सांगितला. दिवे लागायच्या आत सगळ्या मुर्रीला माहीत झालं. नवेगाव बांध लांब आहे म्हणून वाचले.

त्या दिवसापासून सल्ल्यांचा पूर आला. वर्षानुवर्षं ज्यांना रेवारामांनी ओळख दिली नव्हती, ते सगळे आता ओळख काढून घरी येऊ लागले. सुशिलाबाईंनी ब्राह्मीचं तेल आणलं आणि भिजवलेले बदाम सांगितले. ह्याच सुशिलाबाईंना मागच्या साली भोपळ्यात गणपती दिसला होता. सगळी गल्ली नारळ घेऊन दर्शनाला आली, ज्याला त्याला सोंड दिसली, डोळे दिसले. रेवारामांना भोपळा दिसला. तेव्हा त्यांना नास्तिक ठरवलं गेलं होतं. आता डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना उलगडा झाला, की लोकांच्या त्या खात्यात माणसं इतकी उदंड की ढगाची, भिंतीची आणि भोपळ्याचीही ओळख पटवून देतात, आणि आपल्याकडे साधी एक जागा भरली जात नाही. शासन काय आणि देव काय, वाटणी सारखीच.

समोरचे संघदीप मेश्राम, जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवणारे, त्यांनी मात्र काम अंगावर घेतलं. त्यांनी टिकेशकडून गुपचूप नंदलालांचा फोटो मागवला, मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवला, आणि रोज सकाळी पहिलीच्या पोराला 'क कमळाचा' शिकवावा तसं शिकवू लागले.

"तुरकरजी, मिशी पाहू नका. मिशी सोडून पाहा. भुवया कशा आहेत? नाक कसं आहे?"

"हो हो," रेवाराम म्हणायचे आणि मिशी पाठ करायचे. मिशी होतीच तशी, पांढरीशुभ्र, दोन्ही टोकांना वर वळलेली. एवढी सोय देवाने समोर ठेवली असताना भुवयांच्या नादी लागणारा माणूस मूर्ख, असं त्यांचं मत पडलं. मास्तरांनी परीक्षा घेतली तेव्हा दहा पुठ्ठ्यांतून त्यांनी नंदलाल बरोबर उचलला. मास्तर खूश झाले. बाकीच्या पुठ्ठ्यांवर बायका होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. म्हणून शासनाने लक्ष घातलं.

कार्यालयात चेहरा दाखवून हजेरी लावायची नवी पद्धत आली. मोबाइलसमोर तोंड धरायचं, मोबाइल ओळखतो, हजेरी लागते. रेवारामांनी तोंड धरलं. मोबाइल म्हणाला, चेहरा जुळत नाही. त्यांनी चष्मा काढला, मान वाकडी केली, हसून पाहिलं, रागावून पाहिलं. चेहरा जुळत नाही. मागे रांग लागली होती आणि रांगेतले सगळे त्यांना ओळखत होते. एक तो मोबाइल ओळखत नव्हता. रेवारामांच्या मनाला फार लागलं. समोरचा माणूस आपल्याला ओळखत नाही तेव्हा कसं वाटतं, हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळत होतं, आणि तेही एका डब्याकडून.

"साहेब, तुमच्या सेवापुस्तकातला फोटो नोकरीले लागले तेव्हाचा आहे," कनिष्ठ लिपिक हेमेंद्र म्हणाला. "त्यात मिशी नाही."

"मंग फोटो बदला."

"त्याचा अर्ज नागपूरले जाते, मंग मुंबईले जाते. तो वापस येईपर्यंत तुम्ही रिटायर होता. मिशी काढायले न्हावी पुरते."

रेवारामांनी जवानीपासून वाढवलेली मिशी मंडईच्या आदल्या दिवशी काढली. मोबाइलने लगेच ओळखलं आणि 'स्वागत आहे' म्हणाला. घरी येताना सुशिलाबाई फाटकात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "कोन पाहिजे? तुरकर घरी नाहीत." रेवाराम एवढे खूश झाले की बदाम खायचे विसरले. भूमेश्वरीबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. "तोंड पाहा कसं झालं. सोललेल्या बटाट्यासारखं." पण त्यातून पुढे काय होईल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. सगळं लक्ष रेवाराम कुणाला ओळखतात इकडे होतं. रेवारामांना कोण ओळखतं, ह्याची काळजी घरात कुणालाच नव्हती.

मंडईच्या दिवशी तिघं एसटीने नवेगाव बांधला उतरले. अटीप्रमाणे भूमेश्वरीबाई आणि दुर्गेश्वरी रामकलीबाईंकडे घरी गेल्या. जाताना दुर्गेश्वरी थांबली. "बाबा," ती म्हणाली, "नाही ओळखलं तरी चालन. मी काही मरून नाही जानार." असं म्हणून तिने तोंड फिरवलं. मुलीचा चेहरा रेवारामांना वाचता येत नसे, पण तिचा आवाज कधी फाटतो ते त्यांना कळत होतं. मग ते गर्दीत शिरले.

आणि गर्दीत पाहतात तो काय, जिकडे तिकडे पांढऱ्या मिशा. नवेगाव बांधच्या पंचक्रोशीत म्हातारा झालेला प्रत्येक माणूस जणू ठरवून मिशी वाढवून आला होता. जिलेबीच्या कढईपाशी मिशी, उसाच्या मोळीपाशी मिशी, पाळण्यात नातवाला घेऊन वरखाली होणारी मिशी. रेवारामांनी देवाचं नाव घेतलं आणि पहिल्या मिशीपुढे हात जोडले. "राम राम इवाई." ती मिशी म्हणाली, "कोन्याचे इवाई?" दुसरी मिशी बहिरी निघाली. तिसरीने त्यांच्याकडून बिडी मागितली.

चौथी मिशी मात्र एकदम प्रसन्न झाली. "राम राम, राम राम," म्हणत तिने रेवारामांना मिठीच मारली. रेवारामांचे डोळे भरून आले. "मागचं पोटात घाला," ते म्हणाले. "आमची पोरगी आता तुमच्याच घरची समजा."

"वा," मिशी म्हणाली. "पोरगी काय करते?"

"तुमाले तर माहीत आहे. नर्स आहे."

"लय चांगलं. आमचा पोरगा फटफटीच्या दुकानात आहे. सुपारी आजच फोडू का उद्या?"

बँकेतला मुलगा फटफटीच्या दुकानात कसा गेला, हे विचारेपर्यंत चार माणसं गोळा झाली होती आणि एक जण सुपारी आणायला निघालासुद्धा होता. तिथून रेवाराम लघवीचं निमित्त सांगून जे सटकले ते सरळ दंडारीच्या मांडवामागे. दंडार रंगात आली होती, ढोलकी वाजत होती, भोंगा कानाशी ओरडत होता. मांडवाच्या कडेला एक बाज होती आणि बाजेवर एक माणूस एकटाच शिंगाडे सोलत बसला होता. रेवारामांनी आधी मिशी पाहिली. काळीभोर. हा नाही. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते त्याच्या शेजारी जाऊन बसलेच.

त्या माणसाने सरकून जागा दिली आणि शिंगाड्याची पुडी पुढे केली. त्याच्या गालात खर्रा होता. तंबाखू आणि सुपारी घोटून केलेला तो खर्रा तोंडात असला की आपल्याकडचा माणूस बोलतो कमी आणि गुळगुळतो जास्त, आणि वर भोंगा, त्यामुळे त्याचं बोलणं अर्धं कानांनी आणि अर्धं अंदाजाने घ्यावं लागत होतं.

"कोनाले शोधून राहिले?" तो गुळगुळला.

"आहे एक मिशीवाला," रेवाराम म्हणाले.

"मीही एका मिशीवाल्याचीच वाट पाहून राहिलो. सकाळपासून बसलो. अजून पत्ता नाही."

"मोठे लोक," रेवाराम म्हणाले. "दुसऱ्याले ताटकळत ठेवाले त्याइले मजा वाटते."

"बरोबर बोलले. माज आहे, दुसरं काही नाही."

माणूस मनासारखा भेटला. मग दोघांनी मिळून शोध चालवला. शिंगाडे खाता खाता एक मिशी दाखवायचा, दुसरा 'तो नाही, त्याच्या मिशीत एवढा दम नाही' म्हणायचा. मध्येच त्या माणसाने सांगितलं की एकदा पाहिलेलं तोंड आपण जन्मात विसरत नाही. बैलबाजारात विकलेला बैल दहा सालांनी तोंडावरून ओळखला होता. माणूस तर काय, त्याची पाठ पाहिली तरी पुरते. "तो मिशीवाला हजारात उभा करा," तो म्हणाला, "बोट ठेवून सांगतो."

रेवारामांना त्याचा हेवा वाटला आणि भरूनही आलं. घरातल्या माणसांपुढे जे बोलता येत नाही ते परक्यापुढे येतं. "तुमचं नशीब चांगलं," ते म्हणाले. "माझ्या डोक्यातलं ते पदच रिक्त आहे." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, उलटे फोटो, वांग्याची पिशवी. "लोक म्हंतात मी माजलो. मी कायचा माजतो? मी रोज घरून निघतो तो भेतच निघतो, का आज कोनाचा अपमान होते. पोरीचं लगन जुळत आलं होतं. असा देवासारखा इवाई. आनि मी त्याले भर चौकात प्लंबर समजून च्या पिऊन पळनारा म्हनलं."

शेजारचा माणूस शिंगाडा सोलायचा थांबला. रेवारामांच्या लक्षात आलं नाही.

"अठी येऊन त्याले ओळखायचं होतं. नाही जमलं. आता पोरीले काय तोंड दाखवू?"

तो माणूस उठला, बाजेच्या पलीकडे जाऊन त्याने खर्रा थुंकला, गमछ्याने तोंड पुसलं आणि परत येऊन बसला. बराच वेळ तो रेवारामांच्या गुळगुळीत तोंडाकडे पाहत होता.

"मिशी कुठं गेली तुमची?" त्याने विचारलं.

तोंड मोकळं झालेला तो आवाज रेवारामांनी लगेच ओळखला. हाच आवाज त्यांच्या ओसरीवर बसून 'च्यात साखर कमी टाका' म्हणाला होता.

"हजेरीसाठी काढली," ते कसेबसे म्हणाले. "आनि तुमची?"

"लगनासाठी रंगवली."

दंडारीतला राजा काहीतरी गर्जत होता. नंदलालांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय काय येऊन गेलं असेल ते वाचायला दुर्दैवाने शेजारी भलताच माणूस बसला होता. पण हिशोब सरळ होता. एकाला ओळखता येत नाही म्हणून लग्न मोडायचं, तर मग बैल ओळखणाऱ्या माणसाने दुपारभर इवायाला मांडीला मांडी लावून शिंगाडे चारले आणि ओळखलं नाही, हेही त्याच तोंडाने गावाला सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात गर्दीतून रामकलीबाई आल्या, मागे भूमेश्वरीबाई, त्यांच्या मागे दुर्गेश्वरी आणि टिकेश, आणि त्यांच्या मागे अट माहीत असलेलं अर्धं गाव. दोघं एका बाजेवर बसलेले पाहून रामकलीबाई थबकल्या. "ओळखलं का मंग यायनं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

रेवारामांनी डोळे मिटून घेतले.

"ओळखलं म्हंजे?" नंदलाल म्हणाले. "मी मिशी काळी केली, तरी मानसानं सरळ येऊन माझ्याच बाजूले बसून घेतलं. हजार लोकांतून. याले म्हंतात नजर." मग रेवारामांकडे वळून, हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "राम राम, इवाई."

"राम राम," रेवाराम म्हणाले. दुर्गेश्वरी टिकेशकडे पाहत नव्हती, बापाकडे पाहत होती.

सुपारी फुटली. पण नंदलालांना थापेची गोडी लागली होती. जिथे जातील तिथे ते इवायाच्या नजरेचं वर्णन करू लागले, आणि प्रत्येक वेळी मिशी थोडी अधिक काळी आणि गर्दी थोडी अधिक दाट होत गेली. शेवटी मुर्रीच्या मांडवात वरात आली, तेव्हा वराकडच्या सगळ्या जाणत्या लोकांनी एकमताने ठरवलं, की असा माणूस असताना पाहुण्यांचं स्वागत दुसऱ्या कुणी करायचं नाही. रेवाराम तुरकरांना फाटकात उभं केलं गेलं. समोरून फेट्यांची एक फौज चालून येत होती, सगळे फेटे एका रंगाचे.

मग कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं आणि कानाशी हळू बोललं. आवाज स्वच्छ होता. त्या दिवशी त्या माणसाने सकाळपासून खर्रा तोंडात घातला नव्हता. "हा माझा साडू, देवरीचा. याचा गुडघा विचारा." रेवारामांनी हात जोडून गुडघा विचारला. साडू धन्य झाला. "ही मावशी. हिले आधी पाया पडा." "हा रुसका आहे, याले जवळ घ्या." नंदलाल एकेक नाव पुरवत होते आणि रेवाराम एकेक माणूस जिंकत होते. मुर्रीचे लोक तोंडात बोट घालून पाहत होते. साहेब आज सगळ्यांना ओळख देत होते.

वराकडचे संपले आणि वधूकडचे येऊ लागले, तेव्हा फाटकाशी पांढऱ्या मिशीचा, तपकिरी जाकिटाचा एक माणूस आला. रेवारामांना पाहताच त्याने मान खाली घातली आणि तो बाजूने सटकायला लागला. ह्या जगात त्यांना पाहून असं करणारा एकच इसम होता. टाकी अजूनही गळत होती.

"हा तुमच्याकडचा कोनी मोठा मानूस दिसते," नंदलाल कुजबुजले. "कोन आहे?"

रेवारामांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कानात ओळख सांगितली. "मंगरू. प्लंबर."

नंदलालांनी त्या मिशीकडे पाहिलं, त्या जाकिटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा हात आपसूक स्वतःच्या काळ्या मिशीवर गेला.

"इवाई, खरं सांगा," ते म्हणाले. "मी याच्यासारखा दिसतो काय?"

"आता हे मले कायले विचारता?" रेवाराम म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पाहुण्याला हात जोडले.